दरपत्रकातला कुडू आणि घरी पोहोचणारा कुडू

एका वाचकांचे ह्यूस्टनहून आलेले पत्र, थोडे संक्षिप्त करून:

“माझे वय ४६, अमेरिकन नागरिक. गेली सहा वर्षे टेक्ससमध्ये हरणांची शिकार करतो. आफ्रिकेत जाऊन एकदा कुडू (पीळदार शिंगांचे मोठे हरिणवर्गीय जनावर) मिळवावा ही फार दिवसांची इच्छा आहे आणि त्यासाठी १२,००० डॉलर बाजूला काढले आहेत. एका सहकाऱ्याने दक्षिण आफ्रिकेतल्या लिंपोपो प्रांतातले ‘७ दिवस, ७ जनावरे, ४,५०० डॉलर’ असे पॅकेज दाखवले. उरलेल्या पैशांत पत्नी आणि १७ वर्षांचा मुलगा यांनाही नेता येईल का? स्वतःची रायफल न्यावी की तिकडे भाड्याने घ्यावी? एक जोडी शिंगे कोल्हापूरच्या घरी लावण्याचा विचार आहे, पण आई म्हणते, मुंडकी घरात नकोत. पत्नी शाकाहारी आहे आणि पैसे मोजून जनावर मारायला जाणे तिला पटत नाही.”

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. प्रश्न पाच आहेत, पण ते सगळे एकाच हिशेबात अडकलेले असल्यामुळे उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. १२,००० डॉलरमध्ये तिघांची सफर होणार नाही. एकट्याची होईल आणि चांगली होईल, मात्र त्यात जनावरे सात नसतील, दोन असतील. आपल्याला खरोखर हवा आहे तो कुडू त्या दोघांत निश्चित बसतो.

गोंधळ होतो तो दरपत्रकामुळे. आफ्रिकेतल्या शिकारीचे बिल दोन भागांत येते. एक म्हणजे दिवसाचा दर, ज्यात राहणे, जेवण, गाडी, माग काढणारे आणि सोबतचा व्यावसायिक शिकारी यांचा खर्च धरलेला असतो. या शिकाऱ्याला तिकडे सगळे ‘पीएच’ म्हणतात आणि परदेशी पाहुण्याला त्याच्याशिवाय किंवा परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय शिकार करता येत नाही. दुसरा भाग ट्रॉफी फीचा, म्हणजे प्रत्येक जनावराची ठरलेली रक्कम, आणि ती जनावर मिळाले किंवा जखमी झाले तरच द्यायची असते. नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका या दोन्ही देशांत, एका पीएचबरोबर एकच शिकारी असेल तर दिवसाचा दर साधारण ३०० ते ५०० डॉलर पडतो. इंपाला किंवा स्प्रिंगबॉक ही लहान हरणे आणि वॉर्टहॉग हे रानडुक्कर ३०० ते ६०० डॉलरच्या आसपास, लांब सरळ शिंगांचा गेम्सबॉक हजाराच्या आगेमागे, कुडू दोन ते तीन हजार. प्रथमच जाणारा माणूस हे दोन आकडे गुणून बेरीज करतो, समाधानाने कागद मिटतो आणि तिथेच फसतो, कारण या दोन आकड्यांपलीकडे तेवढाच खर्च अजून उभा असतो. दरपत्रकातला कुडू २,२०० डॉलरचा असतो. घराच्या भिंतीपर्यंत पोहोचलेला कुडू किती पडतो, हे कोणत्याच दरपत्रकात छापत नाहीत.

मी हे शहाणपण स्वतःच्या खिशातून घेतले आहे. पहिल्या खेपेला नामिबियात गेलो तेव्हा वहीत ६,००० डॉलर लिहिले होते, आणि दीड वर्षाने शेवटचे बिल चुकते करून बेरीज केली तेव्हा ती ११,००० च्या पुढे गेली होती. कोणी लुबाडले नव्हते. चौथ्या दिवशी संध्याकाळी सूर्य कलताना एक देखणा गेम्सबॉक समोर आला आणि पीएच हळूच म्हणाला, “घ्यायचा का?” त्या क्षणी माणूस वही काढून बघत नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक स्प्रिंगबॉक झाला. त्यानंतर त्या सगळ्यांची कातडी, कवट्या, पेट्या, जहाजभाडे, दलाली आणि पेंढा भरण्याचा खर्च अशी एकामागून एक पत्रे येत राहिली. यादी घरी बसून ठरवावी आणि तिकडे ती वाढवू नये, असे मी आता सगळ्यांना सांगतो, ते त्या गेम्सबॉकमुळे.

आता आपल्या सहकाऱ्याने दाखवलेल्या पॅकेजकडे येऊ. अशी पॅकेजेस खोटीच असतात असे नाही, पण ती वाचायची कशी हे माहीत असावे लागते. सातपैकी कितींची शिंगे भिंतीवर लावण्याजोगी आहेत आणि किती माद्या किंवा कळप आटोक्यात ठेवण्यासाठी काढायची जनावरे आहेत, हे पहिले पाहावे. कुडू त्या सातांत आहे का, की ‘जादा रक्कम भरून’ आहे, हे दुसरे. एका पीएचबरोबर दोन शिकारी असा दर असेल तर आपला निम्मा वेळ अनोळखी माणसाच्या नेमबाजीची वाट पाहण्यात जातो. दक्षिण आफ्रिकेत १५ टक्के व्हॅट आहे, नामिबियातही तेवढाच. तो दरात धरलेला आहे की वर लावणार हे बहुधा सर्वांत लहान अक्षरांत असते. विमानतळावरून ने-आण, ट्रॉफीची, म्हणजे शिंगे-कातड्याची, प्राथमिक प्रक्रिया आणि टीप यांचा तर उल्लेखही नसतो. आणि समजा सगळे सरळ आहे, तरी सात दिवसांत सात जनावरे म्हणजे रोज एक. त्याला शिकार म्हणण्यापेक्षा वसुली म्हणणे बरे. सातांच्या मागोमाग येणारा खर्च दोनांच्या तिप्पट नसला तरी दुपटीहून अधिक नक्की असतो, हे वेगळेच.

माझा कौल आपल्यासाठी नामिबियाला आहे. लिंपोपोत जनावरांचे प्रकार अधिक, अमेरिकेहून जोहान्सबर्गला थेट विमाने, सगळी व्यवस्था सराईत. पण तिथली बरीच शिकारक्षेत्रे उंच कुंपणाच्या आत आहेत. याला कारण आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९१ च्या कायद्याने, पुरेशा कुंपणाच्या जमिनीवरील वन्यप्राण्यांवर जमीनमालकाचा हक्क मान्य केला, आणि मग कुंपणे उभी राहिली. मोठ्या, हजारो हेक्टरच्या कुंपणात प्रामाणिक शिकार होऊ शकते आणि लहान कुंपणात होत नाही, एवढाच फरक. म्हणून तिकडेच जायचे ठरवलेत तर क्षेत्र किती हेक्टरचे आहे हे विचारावे. मध्य नामिबियातल्या अनेक फार्मांवर मात्र गुरांसाठी घातलेले कमरेएवढे कुंपण असते आणि कुडू ते उडी मारून सहज ओलांडतो. तो कोणाच्या बांधलेल्या चौकटीत नसतो, त्यामुळे मिळेलच याची खात्रीही कोणी देत नाही, आणि जो देतो त्याच्याकडे जाऊ नये. नामिबियात प्रवेशासाठी एप्रिल २०२५ पासून अमेरिकन नागरिकांनाही व्हिसा लागतो. तो विमानतळावर मिळतो आणि त्याचे शुल्क १,६०० नामिबियन डॉलर आहे, म्हणजे सुमारे ९० अमेरिकन डॉलर. अमेरिकेहून राजधानी विंडहूकला थेट विमान नाही. जोहान्सबर्ग किंवा फ्रँकफर्टवरून जावे लागते.

आता हिशेब मांडतो. आकडे मी मधल्या दराचे धरले आहेत. आपल्या आउटफिटरचे, म्हणजे सफर आयोजित करणाऱ्याचे, थोडे इकडेतिकडे असतील. विमानाचे तिकीट १,७००. आठ दिवस शिकारीचे, दिवसाला ४००, म्हणजे ३,२००. कुडू २,२०० आणि एक वॉर्टहॉग ४५०, मिळून २,६५०. पीएचला दिवसाला ९० प्रमाणे ७२० आणि माग काढणारा, कातडी सोलणारा, स्वयंपाकघरातली माणसे यांना मिळून २३०, अशी टीप ९५०. भाड्याची रायफल आणि काडतुसे दिवसाला ६० प्रमाणे ४८०. आजारपणात किंवा अपघातात विमानाने हलवण्याचा समावेश असलेला विमा २५०. जाता-येता हॉटेलच्या दोन रात्री २४०. व्हिसा ९०. दोन्ही कवट्या साफ करणे, कागदपत्रे, पेटी, हवाई मालवाहतूक आणि अमेरिकेतला कस्टम दलाल यांना मिळून १,९००. एकूण ११,४६०. हातात ५४० उरतात, आणि ते उरलेच पाहिजेत. त्यांना जनावर समजू नये.

हे १,९०० आपल्याला खटकले असतील, म्हणून त्यांचा उलगडा करतो. जनावर पडल्यावर फार्मवर त्याचे कातडे सोलून मिठात घालतात, कवटी उकळतात. मग ते सगळे निर्यातदाराकडे जाते, तिथे कीटकनाशक द्रावणात बुडवून, सुकवून, पशुवैद्यकीय दाखला आणि निर्यात परवाना जोडून पेटीत भरतात. याला त्या धंद्यात ‘डिप अँड पॅक’ म्हणतात आणि त्याचे बिल आउटफिटरच्या बिलाशी संबंध नसलेले, वेगळे येते. त्यानंतर मालवाहतूक. अमेरिकेत वन्यप्राण्यांचे अवशेष ठरावीक बंदरांतूनच आणता येतात. आपले नशीब असे की ह्यूस्टन त्या यादीत आहे, त्यामुळे आतल्या वाहतुकीचा खर्च वाचतो. तिथे वन्यजीव खात्याचा घोषणाफॉर्म भरावा लागतो. स्वतः भरता येतो, पण प्रथमच असेल तर दलाल नेमावा. कच्चे, मिठातले कातडे असेल तर ते अमेरिकेच्या कृषी खात्याने मान्यता दिलेल्या टॅक्सिडर्मिस्टकडेच, म्हणजे पेंढा भरणाऱ्या कारागिराकडेच, जावे लागते, कारण तोंडखुरी आणि डुकरांचे आफ्रिकन रोग यांची भीती. आणि वॉर्टहॉग डुकराच्याच कुळातला. गोळी झाडल्यापासून पेटी दारात येईपर्यंत सहा महिने ते वर्ष सहज जाते.

म्हणूनच मी कवटी धरली, पेंढा भरलेले मुंडके नाही. खांद्यापर्यंतचे मुंडके अमेरिकेत भरून घ्यायचे तर एकेकाला हजार-बाराशेपासून पुढे आणि कुडूला त्याहून अधिक. शिवाय कातडे आले की पेटी मोठी होते, आणि हवाई मालवाहतुकीत वजनाइतकेच आकारमानाचेही पैसे पडतात. कुडूची शोभा त्याच्या पीळदार शिंगांत आहे. पांढऱ्या स्वच्छ कवटीवर ती शिंगे भिंतीवर लावली तर दिसायला उणी वाटत नाहीत, आणि त्यात आपल्या आईच्या ‘मुंडकी नकोत’ या म्हणण्याचाही निम्मा मान राहतो.

कोल्हापूरचा विचार मात्र सोडून द्यावा. त्या गावाला आफ्रिकेचे जनावर नवे नाही. काळवीट धरण्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणवण्याचा शौक त्या संस्थानाने विसाव्या शतकातही केला होता. पण तो काळ गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकारीचा छंद कायद्याबाहेर गेला, आणि परदेशात कायदेशीर मिळवलेली शिंगेसुद्धा परवानग्यांशिवाय सामानात टाकून मुंबईला उतरलात तर ती कस्टममध्येच राहतील. अमेरिकेतून ती बाहेर पाठवतानाही पुन्हा घोषणा आणि कागद लागतात. एका जोडीसाठी दोन देशांच्या खात्यांशी पत्रव्यवहार करण्यात शिंगांच्या किमतीहून अधिक पैसा आणि वर्षभराची झोप जाते. ती ह्यूस्टनलाच राहू द्यावीत.

ज्या एका नियमावर अनेकांचे बजेट मोडते तो आता सांगतो. जखमी झालेले जनावर सापडले नाही तरी त्याची पूर्ण फी द्यावी लागते. रक्ताचा थेंब दिसला की पैसे लागले, असा तो सरळ व्यवहार आहे आणि तो न्याय्यही आहे. त्यामुळे वाईट नेम हा सर्वांत महाग खर्च, आणि इथे टेक्ससचा अनुभव आपल्याला थोडा दगा देण्याची शक्यता आहे, हे स्पष्ट सांगतो. तिकडे बहुतेक शिकार मचाणात किंवा खोक्यासारख्या आडोशात बसून, खाद्य टाकलेल्या जागेवर, रायफल खिडकीच्या कडेला टेकवून होते. आफ्रिकेत दिवसाला सहा-आठ मैल चालून, धाप लागलेली असताना, पीएचने झटक्यात उभ्या केलेल्या तीन काठ्यांच्या तिवईवर रायफल ठेवून, उभ्यानेच गोळी झाडायची असते आणि त्यासाठी मिळणारा वेळ सात-आठ सेकंदांचा असतो. चाळीस डॉलरची तिवई आजच घ्यावी आणि निघेपर्यंत दर आठवड्याला उभ्याने शंभर ते दोनशे यार्डांवर सराव करावा. बसून केलेला सराव यात मोजू नये. दुसरे असे की, या जनावरांचे हृदय आपण ज्या पांढऱ्या शेपटीच्या हरणावर हात बसवला आहे त्याच्यापेक्षा खाली आणि पुढे असते. जनावर आडवे उभे असेल तेव्हा पुढच्या पायाच्या सरळ रेषेत वर येऊन, अंगाच्या खालच्या एक तृतीयांशावर नेम धरावा. खांद्यामागे नेम धरण्याची टेक्ससची सवय हीच जखमी जनावरांची मोठी खाण आहे.

रायफल भाड्याने घ्यावी. आपली रायफल बरोबर असण्याचे सुख मी जाणतो, पण पहिल्याच खेपेला ते सुख महाग पडते. निघण्यापूर्वी अमेरिकन कस्टमकडून रायफलची नोंद असलेला फॉर्म घ्यावा लागतो, मधल्या ज्या विमानतळावर उतरणार त्या देशाचे हत्यारविषयक नियम वेगळे पाळावे लागतात, काही विमान कंपन्या आगाऊ संमती मागतात आणि जादा आकार घेतात, काडतुसांवर बहुधा पाच किलोची मर्यादा असते. आणि जोहान्सबर्गचे विमान चुकले तर रायफल कुठे आहे या चिंतेत सफरीचे पहिले दोन दिवस जातात. दक्षिण आफ्रिकेत शिरताना पोलिसांचा तात्पुरता आयात परवाना लागतो, त्याच्या अर्जावरची सही अधिकाऱ्यासमोरच करायची असते, घरून करून गेल्यास अर्ज परत येतो. नामिबियाचे काम त्यामानाने सोपे आहे, विमानतळावरच उरकते. तरीही पहिल्या वेळी ४८० डॉलर देऊन हे सगळे टाळण्यात शहाणपण आहे. जे वाचक अजून एच-वन व्हिसावर आहेत त्यांनी तर हा विचारच करू नये, कारण अमेरिकेत त्यांना हत्यार बाळगण्यावर वेगळी बंधने आहेत. शिवाय भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधी काढावा लागतो, हे त्यांनी तिकीट घेण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

टीप हा शब्द वाचून पुष्कळ मराठी कपाळांवर आठी पडते, ती मला ठाऊक आहे. पण हे हॉटेलातले सुटे पैसे नव्हेत. माग काढणाऱ्याच्या वर्षाच्या कमाईत या पैशाचा वाटा मोठा असतो, आणि कुडू कोणामुळे सापडला हे आपण तिसऱ्या दिवशी स्वतःच ओळखाल. रक्कम निघतानाच पाकिटांत वेगळी काढून ठेवावी आणि शेवटच्या दिवशी आउटफिटरला विचारून, प्रत्येकाच्या हातात स्वतः द्यावी.

आता कुटुंबाचा प्रश्न. शिकार न करता सोबत येणाऱ्याला ‘निरीक्षक’ म्हणून दिवसाला दीडशे ते अडीचशे डॉलर पडतात. १७५ धरले तरी दोघांचे आठ दिवसांचे २,८००, दोन तिकिटे ३,४००, दोन व्हिसा १८०, म्हणजे ६,४०० च्या जवळ. एवढा पैसा देऊन आपली शाकाहारी पत्नी आठ दिवस अशा फार्मवर राहणार, जिथे सकाळी टेबलावर बिल्टाँग, म्हणजे वाळवलेले मांस, आणि रात्री शेगडीवर आदल्या दिवशीचा गेम्सबॉक असेल. स्वयंपाकीण डाळ-भात करून देईल, आधी कळवले तर मनापासून करेल, पण प्रश्न जेवणाचा नाही. ज्या गोष्टीला तिचे मन नाही तिचा प्रेक्षक तिला का करावे? त्याच ६,४०० त दोन वर्षांनी तिघांची नामिबियातल्या एतोशा राष्ट्रीय उद्यानाची सहल पाहा. तिथे कोरड्या ऋतूत पाणवठ्याशेजारी गाडी उभी केली की हत्ती, जिराफ, गेम्सबॉक आपण होऊन समोर येतात, आणि तिथे शिकार नाही. थोडी भर घालावी लागेल, पण पैसे ज्यासाठी दिले ते तिला मिळेल. मुलगा एकटा आपल्याबरोबर येण्याचा हट्ट धरत असेल तर ३,२०० च्या आसपास आणखी साठवून मगच जावे, यादीतल्या दोन जनावरांवर काट मारून नव्हे. तो १८ चा व्हायच्या आत निघालात तर त्याचा जन्मदाखला आणि आईचे संमतिपत्र बरोबर असावे.

पत्नीच्या आक्षेपावर मी आपली वकिली करणार नाही. नामिबियात १९६७ मध्ये जमीनमालकांना आणि १९९६ च्या कायद्याने सामुदायिक संरक्षित क्षेत्रांतल्या गावांना वन्यप्राण्यांपासून कायदेशीर उत्पन्न घेण्याचा हक्क मिळाला, आणि त्यानंतर तिथे जनावरे वाढली, ही वस्तुस्थिती आहे. कुडूचे सगळे मांस तिथेच खाल्ले जाते, एक तुकडाही आपल्याला अमेरिकेत आणता येत नाही, हीसुद्धा. पण तिकडे जाणारा माणूस संवर्धनासाठी जात नाही. त्याला शिकार आवडते म्हणून तो जातो, आणि घरात हे असेच सांगावे. तिला पटणार नाही, मात्र तिला फसवल्यासारखे वाटणार नाही. केनियाने १९७७ मध्येच शिकार बंद केली; तिचे मत त्या बाजूचे आहे, आणि तेही काही भाबडे नाही. एक मात्र कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नये: पिंजऱ्यात वाढवलेला सिंह. त्याची ट्रॉफी अमेरिकेत आणू देत नाहीत हे कारण पुरेसे आहे, पण तेवढे एकच कारण नाही.

वेळ जून ते ऑगस्टमधली, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यातली, निवडावी. नामिबियाचा हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर असतो, पण पावसानंतरचे उंच गवत जूनपर्यंत वाळून बसते, झुडपांची पाने गळतात आणि करडा कुडू करड्या काटेरी झाडीत निदान दिसू तरी लागतो. पहाटे उघड्या गाडीत थंडी कडक असते. सह्याद्रीतला हिवाळा समजून गेलेल्या माणसाला विंडहूकच्या पठारावर हातमोजे विकत घ्यावे लागतात, मी घेतले आहेत. मध्य नामिबियात या महिन्यांत मलेरियाची फारशी चिंता नाही, अगदी उत्तरेकडे असते; तरी प्रवासी लसीकरणाच्या डॉक्टरांना एकदा भेटावे. स्वस्त तिकिटासाठी इथिओपियातल्या आदिस अबाबामार्गे जाणार असाल तर तिथला थांबा बारा तासांच्या आत ठेवावा, नाहीतर पिवळ्या तापाचा दाखला मागतात.

आउटफिटर निवडताना तो नामिबियाच्या पर्यावरण मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, हे पाहावे. साध्या ‘हंटिंग गाइड’ला ठरावीक जमिनीवरच शिकार करवता येते, पीएचला इतरत्रही, आपल्याला एकाच फार्मवर राहायचे असल्याने गाइडही चालेल आणि तो कदाचित स्वस्त पडेल. निम्मी रक्कम आगाऊ मागतात, ते रूढच आहे. ती पाठवण्यापूर्वी लेखी करार हवा: दर कोणत्या वर्षाचे, व्हॅट धरला आहे का, सफर रद्द झाल्यास किती परत, जखमी जनावराचा नियम काय. मग तीन जुन्या पाहुण्यांचे फोन मागावेत, आणि त्यांतला एक असा असावा ज्याला जनावर मिळाले नाही. यशस्वी पाहुणे सगळ्यांनाच गोड बोलतात. रिकाम्या हाताने परतलेला माणूस त्या फार्मविषयी काय सांगतो ते ऐकण्यासारखे असते. जुलैसाठी आदल्या वर्षीच्या जूनपर्यंत नक्की करावे, कारण चांगल्या लोकांकडचे हिवाळ्यातले दिवस आधी संपतात.

आणि आगाऊ रक्कम पाठवतानाच त्यांना विचारून ठेवावे की भाड्याची रायफल कोणत्या कॅलिबरची (नळी-काडतुसाच्या मापाची) आहे आणि तिच्यावरची दुर्बीण किती पटीची आहे. कुडूसाठी नामिबियात गोळीची किमान ऊर्जा २,७०० जूल ठरवलेली आहे, ती थर्टी-ओ-सिक्स किंवा थ्री-ओ-एट या दोन्ही कॅलिबरांत बसते. जे उत्तर येईल तशीच रायफल ह्यूस्टनमधल्या एखाद्या मित्राकडून किंवा रेंजवरून मिळवून तिवईवरचा सराव तिच्यावर करावा, आणि फार्मवर पोहोचल्यावर पहिल्याच दुपारी, जनावर पाहण्यापूर्वी, कागदावर तीन गोळ्या झाडून ती रायफल कुठे लागते आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे.